धनुष्याचं लाकूड घरच्या घरी वाफेवर वाकवायचं असेल तर

लाकडी धनुष्य स्वतः करायला घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी वाफेचा आधार घ्यावा लागतो. सरळ, बिनगाठीचं, बिनपिळाचं लाकूड नशिबानंच मिळतं. एरवी भुजा, म्हणजे मुठीपासून टोकापर्यंतचा लवणारा भाग, एका अंगाला झुकलेली असते, नाहीतर टोकाशी पीळ असतो. मग प्रत्यंचा चढवली की ती मुठीच्या मधून जात नाही, बाजूला घसरते. ज्यांना टोकं पुढे वळवलेलं, म्हणजे रिकर्व्ह पद्धतीचं धनुष्य हवं आहे, त्यांना तर वाफेशी गाठ पडतेच.

नवीन मंडळी सगळा विचार यंत्रणेचा करतात. वाफेची पेटी कशाची करू, क्लॅम्प किती लागतील, बॉयलर कुठून आणू? खरं तर स्वयंपाकघरातलं पातेलं पुरतं. धनुष्य तुटतं ते चुकीच्या रेषांच्या (रेषा म्हणजे तंतूंची दिशा) लाकडामुळे, आणि वाकवून झाल्यावर केलेल्या घाईमुळे. म्हणून या लेखात पातेल्यापेक्षा लाकडाची निवड आणि वाळवण यांना जास्त जागा दिली आहे. ते दोन टप्पे वगळून मधलेच वाचू नका, ही विनंती.

पुढे दोन शब्द सतत येतील. धनुष्याची पाठ म्हणजे निशाणाकडची बाजू आणि पोट म्हणजे धनुर्धराकडची बाजू. ओढताना पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं.

वाफेनं काय होतं?

लाकडातल्या तंतूंना धरून ठेवणारा लिग्निन नावाचा घटक ओलावा आणि उष्णता एकत्र मिळाली की मऊ पडतो. तेवढ्या वेळात तंतू एकमेकांवरून थोडे सरकू शकतात, आणि लाकूड थंड झालं की नव्या आकारात धरतात. उकळत्या पाण्याची साधी वाफ त्याला पुरते, दाबाची गरज नाही. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला आणखी दोन-तीन अंश आधी. त्यानं आपल्या कामात फरक पडत नाही.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. वाफवलेलं लाकूड दाबलं तर पुष्कळ दबतं, पण ताणलं तर जेमतेम एक-दोन टक्केच ताणतं. म्हणून वळणाच्या बाहेरच्या बाजूला छिलके सुटतात. मिखाएल थोनेटनं एकोणिसाव्या शतकात वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या केल्या (त्याची १४ नंबरची प्रसिद्ध खुर्ची १८५९ ची), तेव्हा त्यानं बाहेरच्या बाजूला पोलादी पट्टी घट्ट बसवून हा ताण तिच्यावर घेतला. आपणही तेच करणार आहोत, भंगारातल्या पट्टीनं.

काय काय लागेल

- दहा-बारा लिटरचं जाड बुडाचं पातेलं (स्टीलचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं) किंवा तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा
- अ‍ॅल्युमिनियम फॉइल, जुनी सुती चादर
- प्लायवुडचे जाड तुकडे, स्क्रू
- सायकलची जुनी ट्यूब, बोटभर रुंद पट्ट्या कापून
- तीन-चार सी-क्लॅम्प किंवा सुताराचे शिकंजे
- पॅकिंगची पोलादी पट्टी, साधारण दोन सेंटिमीटर रुंद
- जुन्या पट्ट्याचं किंवा चपलेचं चामडं
- वेल्डिंगवाले वापरतात तसे चामड्याचे हातमोजे
- स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा
- रंधा, कानस, सुतळी, पेन्सिल
- हाताखाली एक माणूस

सुती हातमोजे अजिबात नकोत. वाफेनं ते ओले होतात आणि ओलं कापड उष्णता थेट कातडीपर्यंत पोचवतं.

१. लाकूड निवडा

वखारीतल्या फळीचा मोह टाळा. करवतीनं कापलेल्या फळीत रेषा बहुधा तिरप्या जाऊन कडेला बाहेर पडतात, आणि वाफवून वाकवताना चीर तिथूनच सुरू होते. ती फळी भट्टीत वाळवलेली असेल तर वाफेला नीट दादही देत नाही. पाचर ठोकून उभं फाडलेलं लाकूड घ्या, ते स्वतःच्या रेषेनं फाटतं. फळीच घ्यावी लागली तर शाईचा थेंब टाकून पाहा. शाई ज्या दिशेनं पसरते ती रेषेची दिशा. थेंब फळीच्या लांबीला समांतर पसरला तर ठीक, तिरपा गेला तर ती फळी दुसऱ्या कामाला ठेवा.

आपल्याकडे मिळणाऱ्या झाडांत माझी पहिली पसंती तुतीला. अमेरिकेत धनुष्यासाठी नावाजलेलं ओसेज ऑरेंज हे झाड तुतीच्याच कुळातलं. मात्र रेशीम शेतीतली तुती सतत छाटलेली असते, तिच्या फांद्या बारीक राहतात. बांधावर मोकळी वाढलेली तुती शोधा. धामणही उत्तम (साप नव्हे, झाड). तिचं लाकूड लवचिक असतं, म्हणून अवजारांचे दांडे, गाडीच्या दांड्या यांसाठी ते पूर्वापार वापरात आहे. बाभूळ चिवट आहे, पण जड, आणि तिच्यात टॅनिन भरपूर असल्यानं वाफेत लोखंडाला लागली की काळी पडते. सागाची कीर्ती मोठी असली तरी धनुष्यासाठी मी तो घेत नाही. टिकाऊपणा वेगळा आणि लवणं वेगळं.

झाड कुठलं आहे याची चौकशी करा. महाराष्ट्रात ग्रामीण भागाला १९६४ चा आणि शहरांना १९७५ चा वृक्षतोडीचा कायदा लागू आहे, तेव्हा अख्खं झाड पाडायच्या भानगडीत पडू नका. शेतकऱ्यानं छाटलेली किंवा वादळात मोडलेली फांदी मागून घ्या. वनजमिनीवरून काही आणायचं नाही. आणि हे धनुष्य फक्त निशाण्यावर चालवायचं. वन्य प्राण्यांच्या शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे.

साधारण १७५ सेंटिमीटर लांबीचं, मनगटापेक्षा जाड, किमान एका अंगानं बिनगाठीचं लाकूड पुरेल. आणल्या दिवशीच दोन्ही टोकांना जुना ऑइलपेंट किंवा मेण लावा, नाहीतर टोकांकडून चिरा आत सरकतात. उभं फाडून काही आठवडे सावलीत ठेवा. वाकवायला लाकूड अर्धवट वाळलेलं हवं. हिरवंगार असेल तर आतलं पाणी दाबाला विरोध करतं, खडखडीत वाळलेलं असेल तर चटकन तडकतं. वाळलेलंच हाती आलं तर जो भाग वाकवायचा तेवढाच एक दिवस पाण्यात भिजवा.

२. आधी ढोबळ घडण करा

अख्खा ओंडका वाफवू नका. आधी धनुष्याचा आकार काढून घ्या. लांबी १७० सेंटिमीटर, मूठ तीन सेंटिमीटर रुंद, मुठीलगत भुजा साडेचार सेंटिमीटर रुंद आणि तिथून टोकाकडे निमुळती. वाफवायच्या वेळी टोकं मात्र दोन-अडीच सेंटिमीटर रुंद आणि बारा मिलिमीटर जाड राहू द्या. वाकवताना कडा थोड्या खराब होतात, त्या नंतर तासता येतात.

पाठीवर सालीखालचं एकच वाढवर्तुळ (लाकडाचा वर्षागणिक वाढणारा थर) टोकापासून टोकापर्यंत अखंड ठेवायचं. त्यावर रंधा मारायचा नाही, कानस लावायची नाही. साल काढा आणि थांबा.

दोन फळ्या जोडून मूठ केली असेल किंवा पाठीला पट्टी चिकटवली असेल तर तो जोड वाफेपासून दूर ठेवा. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद उष्णता आणि ओलाव्यात सैल पडतो. चिकटवायचं ते सगळं वाकवून, वाळवून झाल्यावर.

३. फर्मा तयार करा

फर्मा म्हणजे लाकूड ज्यावर वाकवून आवळायचं तो साचा. पहिल्या धनुष्याला खोल वळण घालू नका. टोकाचे १८ सेंटिमीटर हलकेच पुढे वळवले तरी बाणाचा वेग वाढल्याचं जाणवतं आणि लाकडावर फार ताण येत नाही. यासाठी ३२ सेंटिमीटर त्रिज्येचं वळण छान बसतं. जुन्या २८ इंची सायकलची रिम जवळपास याच मापाची असते. ती प्लायवुडवर ठेवून पेन्सिल फिरवा. या वळणावर १८ सेंटिमीटर लांबीत टोक साधारण पाच सेंटिमीटर उचललं जातं. साच्यातून काढल्यावर त्यातलं सेंटिमीटरभर परत येईल, ते धरूनच चला.

प्लायवुडचे दोन तुकडे एकमेकांवर स्क्रूनं बसवून चार सेंटिमीटर जाडी करा. वळणाच्या पुढे सरळ भाग किमान ३० सेंटिमीटर ठेवा, भुजा तिथेच आवळायची आहे. फर्म्याच्या पोटात क्लॅम्पचा जबडा बसेल अशी भोकं पाडा. ही भोकं विसरली तर ऐनवेळी क्लॅम्प कुठेच पकडत नाही.

टोक पुढे, म्हणजे पाठीकडे वळतं. म्हणून फर्म्याला पाठ टेकते आणि वळणाच्या बाहेर पोट येतं. पोलादी पट्टी त्यामुळे पोटाच्या बाजूला लागते. हे उलटसुलट होऊ नये म्हणून फर्म्यावर मोठ्या अक्षरात ‘पाठ इकडे’ लिहून ठेवा.

४. वाफेची सोय

सर्वांत सोपी रीत पातेल्याची. पातेल्यात आठ-दहा सेंटिमीटर पाणी घ्या, पण लाकडाला पाणी लागता कामा नये. वाकवायचा भाग पातेल्याच्या तोंडावर आडवा ठेवा. भुजेचं दुसरं टोक तेवढ्याच उंचीच्या स्टुलावर टेकवा. वरून फॉइलचा दुहेरी तंबू करून कडा पातेल्याला दाबून बसवा, त्यावर चादरीची घडी. वाफ बाहेर पडायला बोटभर फट हवीच. चादरीचे काठ आणि भुजा ज्योतीपासून लांब आहेत ना, हे गॅस पेटवण्यापूर्वी पाहा. बर्नरपेक्षा पातेलं बरंच मोठं असलेलं बरं.

मधल्या भागातला वाक काढायचा असेल किंवा दोन धनुष्यं एकदम करायची असतील तर तेलाचा डबा बरा. डबा साबणानं आणि गरम पाण्यानं स्वच्छ धुवा. वरच्या बाजूला समोरासमोर दोन खाचा कापा, भुजा त्यातून आरपार जाईल अशा. कापलेला पत्रा धारदार असतो, तो हातोडीनं आत दुमडा. तळाला पाणी, खाली शेगडी किंवा अंगणातली तीन दगडांची चूल, खाचांच्या फटीत ओल्या चिंध्या. वरचं झाकण नुसतं टेकवायचं.

आता काय टाळायचं ते. प्रेशर कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी जोडायची कल्पना बरेच जण सुचवतात. माझा तिला साफ नकार आहे. नळीला पीळ बसला किंवा ती तुंबली तर आत दाब साठतो, आणि त्या दाबाचा आपल्याला काहीच फायदा नसतो. पाण्याचा पीव्हीसी पाइप वाफेची नळकांडी म्हणून वापरू नका. ८० अंशांच्या आसपासच तो मऊ पडून लोंबतो. सर्दीसाठी वाफारा घ्यायचं यंत्र फार दुबळं, त्यानं लाकूड बाहेरून ओलं होतं आणि आत थंडच राहतं. आणि कोणतंही भांडं घ्या, ते हवाबंद करायचं नाही.

५. रंगीत तालीम

वाफेतून काढल्यावर तुमच्या हातात अर्धं मिनिट असतं. त्यात क्लॅम्प शोधायला वेळ नसतो. म्हणून गॅस पेटवायच्या आधी थंड लाकडावर सगळं एकदा करून बघा. फर्मा टेबलाला घट्ट आवळलेला आहे का? पट्टी पोटावर बसते का? क्लॅम्पचे जबडे आधीच योग्य तेवढे उघडून ठेवलेत का? पाठीला लागणारा चामड्याचा तुकडा कुणाच्या हातात असेल? मदतनिसाला त्याचं काम तोंडानं म्हणून दाखवायला सांगा. पेन्सिलीनं भुजेवर खूण करा, म्हणजे वळण नेमकं कुठून सुरू व्हायचं ते दोघांनाही दिसेल.

६. वाफवणं

घड्याळ गॅस पेटवल्यापासून लावायचं नाही. फटीतून वाफ सलग, जोरात यायला लागली की लावायचं. जुना ठोकताळा इंचभर जाडीला तासभर असा आहे. आपली जाडी बारा मिलिमीटर, म्हणजे अर्धा तास. भिजवलेल्या वाळक्या लाकडाला दहा मिनिटं जास्त द्या. त्याहून जास्त वेळ ठेवून लाकूड आणखी लवत नाही, उलट आतल्या बाजूला सुरकुत्या पडायचा धोका वाढतो.

मध्येच फॉइल उघडून बघू नका. पाणी कमी पडेल असं वाटलं तर उकळतं पाणीच घाला. गार पाण्यानं वाफ थांबते आणि वेळेचा हिशेब बिघडतो.

फॉइल काढताना तोंड लांब ठेवा, पलीकडची कड आधी उचला. वाफ दिसण्याआधी भाजते.

७. वाकवणं

मदतनीस फॉइल काढेल, तुम्ही भुजा उचला. पाठ फर्म्याला, मध्ये चामडं. टोक आधी फर्म्याच्या नाकाशी क्लॅम्पनं धरा आणि मग मुठीकडचा भाग हळूहळू खाली आणा. असं केल्यानं सबंध भुजा तरफ म्हणून हाताशी येते आणि वळण सारखं पडतं. पोटावरची पट्टी दोन्ही टोकांना आवळलेली हवी, नुसती ठेवून चालत नाही. जोर एकसारखा, न थांबता. पाच-सात सेकंदांत भुजा बसली पाहिजे. झटका दिला तर तडकते, रेंगाळलात तर अर्ध्यात थंड होते.

अर्ध्यात अडली तर जबरदस्ती नको. परत पातेल्यावर ठेवा, दहा मिनिटांनी पुन्हा घ्या.

भुजा बसली की उरलेले क्लॅम्प लावा आणि मधल्या मोकळ्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा. मला क्लॅम्पपेक्षा ट्यूबच जास्त आवडते. ती सगळीकडून सारखी दाबते आणि लाकडावर वळ उठवत नाही.

पोटाच्या कडेला बारीक छिलका सुटला तर घाबरू नका. लाकूड वाळलं की सुपरग्लू भरून दोऱ्यानं आवळून टाका, नंतर बराचसा भाग तासण्यात जातो. मात्र पाठीवर आडवी सुरकुती किंवा चीर दिसली तर ते धनुष्य पुढे नेऊ नका. ओढल्यावर पाठच ताणली जाते, आणि मोडलेला तुकडा डोळ्याच्या उंचीवर उडतो.

सरळ करायचं असेल तर: भुजा एका अंगाला झुकलेली असेल तर टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणून पाहा, तो मुठीच्या मध्यावरून जायला हवा. झुकलेला भाग वाफवून सरळ फळीला आवळा, वाकलेल्या भागाखाली पातळ पाचर घालून थोडा उलट दिशेला न्या, कारण तो परत येणार आहे. नवशिक्यांनी हेच काम आधी करावं आणि टोकं नंतर वळवावीत. लाकूड वाफेत कसं वागतं ते इथे कमी जोखमीत कळतं.

८. वाळवण

फर्म्यावर रात्रभर नाही, पूर्ण दिवस आणि रात्र राहू द्या. नंतर क्लॅम्प काढले तरी भुजा फर्म्याला सुतळीनं बांधून आठवडाभर ठेवा. घरात, सावलीत, हवा खेळती असेल तिथे. उन्हात नको, हीटरसमोर नको. बाहेरचा थर आधी आक्रसला की बारीक चिरा पडतात.

‘आता वाळलं असेल’ हा अंदाज हातानं लागत नाही. इथे स्वयंपाकघरातला काटा कामाला येतो. फर्म्यावरून काढल्यावर धनुष्याचं वजन करा, कागदावर लिहा आणि रोज त्याच वेळी परत करा. सुरुवातीला वजन रोज उतरत जाईल. सलग तीन-चार दिवस आकडा हलला नाही की लाकूड तुमच्या खोलीतल्या हवेशी जुळलं. तोवर धनुष्य वाकवायचं नाही, प्रत्यंचा चढवायची नाही, ‘जरा बघू’ म्हणून गुडघ्यावर दाबायचंही नाही. ओलसर लाकूड लवतं छान, पण लवल्या जागी तसंच राहतं. कष्टानं दिलेलं वळण त्या एका दाबात निघून जातं.

कोकणात पावसाळ्यात हा आकडा हवा तितका खाली येतच नाही. तिथे हे काम दिवाळीनंतर काढा. विदर्भात मे महिन्यात उलट अडचण, हवा इतकी कोरडी असते की लाकूड फार लवकर वाळून चिरतं. तिथे वाफवलेल्या भागावर पहिले दोन-तीन दिवस सुती कापड गुंडाळून ठेवा.

९. मग ओढायला शिकवा

वजन थांबलं की टिलरिंग सुरू करा, म्हणजे पोटाकडून थोडं थोडं लाकूड काढत दोन्ही भुजा सारख्या लवेपर्यंत घासणं. वळवलेल्या टोकाच्या १८ सेंटिमीटरमधून जाडी जवळजवळ काढायचीच नाही. तो भाग ताठ राहायला हवा, लवण्याचं काम मुठीपासून तिथपर्यंतच्या भुजेचं. दर वेळी थोडं घासा, तीसेकदा हलकं ओढा, मग पुन्हा भिंतीपाशी धरून बघा. टोकांच्या खाचा गोल कानशीनं कापा आणि प्रत्यंचा वळणावर मधोमध बसते का ते दर टप्प्याला तपासा. बाण न लावता ताणलेली प्रत्यंचा कधीही सोडू नका. सगळा धक्का भुजांमध्येच जिरतो आणि पहिला बळी वाफवलेली जागा असते.

बांबूचं काय?

बांबूला वाफ देऊ नका, तो कोरड्या आचेवर शेकून वाकवतात. सातपुड्यातले भिल्ल बांबूचंच धनुष्य वापरत आले आहेत. त्यासाठी मानवेलासारखा जाड भिंतीचा, जवळजवळ भरीव बांबू लागतो. निखाऱ्यांवर हातभर उंचीवरून सतत फिरवत शेकायचा. सालीवर तेलकट चकाकी फुटली की तो तयार झाला असं समजा. वाकवून धरा आणि ओल्या कापडानं थंड करा. पेरं बंद असतील तर शेकण्याआधी त्यांना आतून बारीक भोक पाडा, कारण कोंडलेली हवा तापून पेर फुटतं. वनक्षेत्राबाहेरचा बांबू २०१७ च्या कायदादुरुस्तीनंतर ‘झाड’ या व्याख्येत येत नाही, त्यामुळे तो शेतकऱ्याकडून विकत घेणं सोपं आहे.

शेवटचा हात

धनुष्य पूर्ण झालं की लाख पॉलिशचे तीन-चार पातळ हात द्या, टोकांच्या वळणावर एक हात जास्त. नुसतं अळशीचं तेल दिसायला सुंदर, पण ओलावा अडवण्यात ते कमी पडतं. वापर संपला की प्रत्यंचा उतरवा आणि धनुष्य दोन खुंट्यांवर आडवं ठेवा. कोपऱ्यात टेकवून उभं ठेवलं की खालचं टोक दबतं. पावसाळ्यानंतर वळण थोडं उघडलेलं दिसेल. अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत तसंच राहू द्या. त्याहून जास्त उघडलं असेल तर तेवढ्या भागाचं पॉलिश खरवडा, फर्मा काढा आणि पाचव्या टप्प्यापासून परत सुरू करा.